पहाटेच्या ऑक्सिजनचा खर्च

अंदाजपत्रकाच्या तक्त्यात ‘प्रवास’ या रकान्यापुढे तिनं शून्य लिहिलं होतं. त्याच्या खाली ‘मनुष्यबळ’, तिथंही शून्य. पदवीच्या दुसऱ्या वर्षातली मुलगी, विषय एका लहानशा ओढ्यातला विरघळलेला ऑक्सिजन, आणि मागणी फक्त बाटल्या, रसायनं, एक थर्मामीटर आणि छपाई एवढ्याची. विद्यार्थ्यांच्या छोट्या अनुदानांसाठी आलेले अर्ज आम्ही चार-पाच जण एका लांब टेबलाभोवती बसून चाळत होतो. पंखा कागद उडवत होता, म्हणून प्रत्येकानं आपापल्या गठ्ठ्यावर मोबाइल ठेवलेला. माझ्या शेजारचे ज्येष्ठ सदस्य तो तक्ता बघून खूश झाले. “याला म्हणतात काटकसर. एक पैसा जास्तीचा मागितलेला नाही पोरीनं.” बाकीच्यांनी माना डोलावल्या, कुणीतरी पुढच्या अर्जाकडे हातही नेला. मला मात्र पुढच्या पानावरची एक ओळ टोचत होती. नमुने सकाळी अकरा आणि दुपारी तीन वाजता घेतले जातील, असं तिथं लिहिलेलं होतं. अकराच का? तिच्या मार्गदर्शकांना फोन लावला, तर ते अगदी सहज म्हणाले, “अहो, पहिली बस तिथं साडेदहाला पोचते.”

ज्यानं कधी ओढ्यातला ऑक्सिजन मोजलाय त्याला यातली गोम लगेच कळेल. पाण्यातलं शेवाळ आणि वनस्पती दिवसभर उन्हात ऑक्सिजन तयार करतात. सूर्य मावळला की ते काम थांबतं. श्वसन मात्र सगळ्यांचंच चालू राहतं, शेवाळाचं, माशांचं, तळाच्या गाळातल्या जिवाणूंचं. रात्रभर साठा उतरत जातो आणि सूर्य उगवण्याच्या जरा आधी तो सगळ्यांत खाली असतो. स्वच्छ ओढ्यात हा चढउतार बेताचा असतो. पण ज्या ओढ्यात सांडपाणी येतं, त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ माजतं, तिथं दुपारी तीनला पाणी अक्षरशः बुडबुडत असतं. 25 अंश सेल्सिअसला एका लिटर पाण्यात हवेतला ऑक्सिजन साधारण सव्वाआठ मिलिग्रॅम मावतो. असल्या हिरव्या ओढ्यात दुपारी त्याहूनही जास्त आकडा येतो आणि त्याच ओढ्यात पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडी टाकत असतात. म्हणजे अकरा आणि तीनला मोजणाऱ्या माणसाला ओढा ठणठणीत दिसणार. वर्षाच्या शेवटी अहवाल येणार, त्यात सुबक आलेख असणार, आणि ‘पाण्याची गुणवत्ता समाधानकारक’ हा निष्कर्ष कुणीतरी कधीतरी कुठल्यातरी बैठकीत वाचूनही दाखवणार. प्रवासाच्या रकान्यातलं शून्य तिथपर्यंत जाऊन पोचणार होतं.

मी हे सगळं बैठकीत बोलले. शेजारचे सदस्य म्हणाले, “मग सेन्सर लावू दे की! रात्रभर आपोआप नोंदी होतील.” कल्पना वाईट नव्हती. पण स्वतःहून नोंद ठेवणारा चांगला सेन्सर त्या अनुदानाच्या कमाल मर्यादेच्या कितीतरी पट महाग असतो, आणि असल्या पाण्यात तो काही दिवसांत बुळबुळीत थरानं माखतो. मग तो पुसायला कुणालातरी तिथं जावंच लागतं. प्रवास सुटत नाही.

पहाटेच्या पाण्याशी माझी ओळख जुनी आहे. पदवीला असताना आम्हीही असलाच एक प्रकल्प केला होता, रसायनांनी ऑक्सिजन मोजण्याच्या विंकलरच्या पद्धतीनं. लायोश विंकलरनं ती 1888 मध्ये दिली आणि अजूनही सेन्सरवर शंका आली की लोक तिच्याकडेच वळतात. काचेच्या घट्ट बुचाच्या बाटलीत हवेचा एकही बुडबुडा अडकू न देता पाणी भरायचं, हेच पहिलं कौशल्य. बोटं गारठलेली असताना ते हमखास फसतं. मग पिपेटचं टोक पाण्याखाली नेऊन मँगनीज सल्फेट सोडायचं, त्यामागून अल्कलीयुक्त आयोडाइड, बूच लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो आणि सावकाश खाली बसत जातो. इथवरचं सगळं काठावरच उरकावं लागतं, कारण नमुना तसाच उचलून प्रयोगशाळेत आणला तर वाटेत ऑक्सिजन बदलतो. पुढचं काम निवांत. आम्ल घातलं की साका विरघळून पाणी मधासारखं सोनेरी होतं. मग थायोसल्फेटचे थेंब, रंग फिकट होत गेला की स्टार्च, एकदम गडद निळा रंग, आणि आणखी काही थेंबांनी तो निळा झटक्यात नाहीसा. थायोसल्फेट किती लागलं त्यावरून ऑक्सिजनचा आकडा निघतो. त्या शेवटच्या थेंबाशी आमचा श्वास अडकलेला असायचा. बाटली तशीच ठेवली की थोड्या वेळानं निळा रंग हळूच परत येतो, आणि नवशिका विद्यार्थी घाबरून आणखी एक थेंब टाकून सगळं बिघडवतो.

एका पहाटे तपकिरी साका आलाच नाही. पांढरा आला. मैत्रीण म्हणाली, रसायन बिघडलंय. सरांनी बाटली टॉर्चच्या उजेडात धरली, बराच वेळ बघितली आणि काहीच बोलले नाहीत. पांढरा साका म्हणजे पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नाहीच, हे आम्ही पुस्तकात वाचलेलं होतं. पण पायाशी खळखळणाऱ्या पाण्याबद्दल ते खरं असू शकतं हे डोक्यात शिरत नव्हतं. त्याच जागी दुपारी आम्ही उत्तम आकडे घेतले होते. त्या पांढऱ्या साक्यानं आमचा अख्खा प्रकल्प फिरवला. आणि आम्ही तिथं पोचलो कसे? सरांच्या जुन्या स्कूटरवर. ते मैत्रिणीला आधी सोडून यायचे, मग मला न्यायचे. बाटल्यांची क्रेट माझ्या मांडीवर, काचांचा किणकिणाट आणि कानात शिरणारा गार वारा. त्या स्कूटरच्या पेट्रोलची नोंद आमच्या अहवालात नाही. सरांची मोडलेली झोपही नाही. अहवालाच्या शेवटी आम्ही विभागाचे, प्रयोगशाळा परिचराचे आणि ग्रंथपालांचे आभार मानले आणि ‘या प्रकल्पास कोणतेही आर्थिक साहाय्य मिळालेले नाही’ असं ताठ मानेनं लिहिलं.

साहाय्य मिळालेलं होतं. फक्त ते एका माणसाच्या खिशातून गेलं होतं.

पदवीच्या विद्यार्थ्यानं संशोधन करावं ही कल्पना आता इतकी रुळली आहे की तिच्यामागे कुणालातरी पैशाचा विचार करावा लागला होता हे विसरायला होतं. पोलरॉइड कॅमेऱ्याचा जनक एडविन लँड यानं 1957 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत भाषण करताना मुद्दा मांडला की मुलांना पहिल्या वर्षापासूनच खऱ्याखुऱ्या संशोधनात घ्या, नुसती तयारी करून घेत बसू नका. तिथंच 1969 मध्ये मार्गारेट मॅकव्हिकर यांनी ‘यूरॉप’ नावाचा उपक्रम सुरू केला. त्यातली मला आवडणारी गोष्ट साधी आहे: विद्यार्थ्यानं काम करावं आणि त्याबदली श्रेयांक घ्यावेत किंवा पगार घ्यावा. पगार! विद्यार्थी हा फुकटचा मदतनीस नाही, त्याच्या वेळेला बाजारात दुसरीकडेही किंमत आहे, ही कबुली त्या एका पर्यायात आहे. संध्याकाळी शिकवण्या घेऊन किंवा दुकानात उभं राहून फी भरणाऱ्या मुलाला ‘अनुभव मिळेल’ असं सांगणं म्हणजे ज्याच्या घरी भागतं त्यालाच बोलावणं. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठाननं 1987 पासून चालवलेल्या उन्हाळी योजनेतही विद्यावेतन असतं, बऱ्याच ठिकाणी राहण्याची सोय आणि प्रवासखर्चही. मात्र ती तिथल्या नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठी. कॅनडाची ‘मायटॅक्स ग्लोबलिंक’ बाहेरच्या देशांतल्या पदवी विद्यार्थ्यांना बारा आठवड्यांसाठी बोलावते. भारतातल्या तिन्ही विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात आणि तिला विद्यार्थ्यांबरोबर शिक्षकही अर्ज करू शकतात. हे कुणी ठरवलं ते मला ठाऊक नाही, पण ज्यानं ठरवलं त्याला माझा नमस्कार. दोन महिने स्वतः पुन्हा विद्यार्थी झालेला शिक्षक परत येतो तेव्हा त्याच्या वर्गाचा वासच वेगळा असतो.

एवढ्या सगळ्या योजनांमध्ये एक गोष्ट मात्र समान आहे. त्या विद्यार्थ्याला उचलून दुसऱ्या कुणाच्या तरी प्रयोगशाळेत नेतात. प्रश्न तिथला, उपकरणं तिथली, पैसा तिथल्या मोठ्या प्रकल्पाचा. शिकण्यासाठी हे उत्तमच. मी माझ्या विद्यार्थ्यांना मागे लागून असे अर्ज भरायला लावते. पण पर्यावरणाचा विद्यार्थी बऱ्याचदा स्वतःचा ओढा, स्वतःचं तळं, स्वतःचा कचरा घेऊन येतो. त्याचा प्रश्न त्या जागेला चिकटलेला असतो आणि ती जागा प्रयोगशाळेत नेता येत नाही. त्याला हवा असतो अगदी लहान, बिनबोभाट पैसा. असा पैसा आहे, नाही असं नाही. 1886 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात सुरू झालेली ‘सिग्मा झाय’ ही संशोधकांची संस्था 1922 पासून विद्यार्थ्यांना छोटी अनुदानं देते आहे. रक्कम बहुतेक विषयांत हजार डॉलरच्या आतली, पण तिच्या नियमांत अभ्यासाच्या जागेपर्यंतचा प्रवास हा रास्त खर्च मानलेला आहे, आणि परिषदेला जाण्याचा खर्च मानलेला नाही. विज्ञान कुठं घडतं याबद्दलचं त्यांचं मत त्या दोन नियमांत कळतं. ब्रिटनमधली ‘रफर्ड फाउंडेशन’ विकसनशील देशांतल्या निसर्गसंवर्धनाच्या लहान प्रकल्पांना पैसे देते आणि पहिलं काम नीट केलं तर त्याच माणसाला पुढच्या टप्प्याचं अनुदान मागता येतं. मात्र तिला कोरड्या प्रबंधापेक्षा जमिनीवर काही बदलण्यात रस असतो.

जागेपर्यंत पोचण्याची गोष्ट निघाली की मला हडसन फ्रीझ आठवतो. हा 1966 मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात पदवीचा विद्यार्थी होता आणि थॉमस ब्रॉक नावाच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाबरोबर काम करायचा. ब्रॉकना अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या गरम झऱ्यांचं वेड लागलेलं. इतक्या गरम पाण्यात जिवाणू सुखानं वाढत असतील असं तेव्हा फारसं कुणाला वाटत नव्हतं. आणि ब्रॉकना तर झऱ्याच्या कडेला रंगीत थर सरळ डोळ्यांनी दिसत होते. मशरूम स्प्रिंग नावाच्या झऱ्यातून आणलेल्या नमुन्यातून फ्रीझनं एक जिवाणू वाढवला, जो 70 अंशांना सगळ्यांत जोमानं वाढतो. 1969 मध्ये दोघांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, नाव ठेवलं थर्मस अ‍ॅक्वाटिकस. पुढं 1976 मध्ये दुसऱ्याच संशोधकांनी त्यातून उष्णतेत न मोडणारं डीएनए पॉलिमरेज हे विकर वेगळं काढलं. कॅरी म्युलिसला 1983 मध्ये डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत, पीसीआर, सुचली, तिला नेमकं असंच विकर हवं होतं, आणि 1993 मध्ये म्युलिसला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. कोविडच्या काळात आपल्या सगळ्यांच्या नाकात गेलेल्या त्या काडीच्या पलीकडे जी तपासणी चालायची, तिची मुळं त्या झऱ्यात आहेत.

ही गोष्ट अनुदान मागणाऱ्यांच्या भाषणांत इतक्यांदा येते की मला तिचा जरा वीट आलाय. पैसे द्या, कुणी सांगावं नोबेल निघेल, हा युक्तिवाद लॉटरीच्या दुकानदाराचा आहे. बहुतेक ओढ्यांतून काहीही निघत नाही, एक आकडा निघतो आणि तो आकडा पुढच्या माणसाला उपयोगी पडतो, बस्स. मला त्या गोष्टीतला वेगळाच भाग महत्त्वाचा वाटतो. ब्रॉकना मिळालेला सरकारी पैसा ‘गरम पाण्यात काय जगतं’ एवढ्या ऐसपैस प्रश्नासाठी होता, आणि त्या ऐसपैसपणात एका विशीतल्या पोराला, त्या झऱ्याला आणि बाहेर जाण्याच्या खर्चाला जागा होती. फ्रीझला कुणी ‘अपेक्षित परिणाम दोनशे शब्दांत’ लिहायला लावलं असतं, तर तो काय लिहिणार होता? ‘परीक्षानळी गढूळ होईल’ एवढंच.

उलट बाजूची गोष्ट चार्ल्स कीलिंगची. हा काही पदवीचा विद्यार्थी नव्हता, पीएचडी झालेला होता, पण 1955 मध्ये तो जे करत होता ते मला विद्यार्थ्यासारखंच वाटतं. कॅलिफोर्नियातल्या बिग सरच्या रानात तंबू ठोकून रात्रीबेरात्री उठायचं आणि काचेच्या फ्लास्कमध्ये हवा भरून घ्यायची. चोवीस तासांत ठरावीक अंतरानं. त्यातूनच त्याला कळलं की रात्री झाडं आणि माती कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात म्हणून आकडा चढतो, आणि दुपारी मात्र वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे एकाच ठरावीक पातळीला येऊन टेकतात. दोन्ही वेळा मोजल्या म्हणून दोन्हींचा अर्थ लागला. पुढे 1958 च्या मार्चमध्ये हवाईच्या मौना लोआ या ज्वालामुखी पर्वतावर त्याची हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची सलग मोजणी सुरू झाली. पहिला आकडा दशलक्षात 313 भाग. आज तो 420 च्या वर आहे. ही जगप्रसिद्ध चढती रेषा आपण सगळ्यांनी बघितलेली आहे, पण तिच्याकडे निरखून पाहिलं तर 1964 च्या सुरुवातीला एक फट दिसते. ज्वालामुखी फुटला नव्हता, यंत्रही मोडलं नव्हतं. पैसे कापले गेले होते. काही महिने पृथ्वीची ती नोंदच नाही, आणि आता कितीही पैसा ओतला तरी ती होणार नाही.

1963 साली मी छाननीला बसले असते तर काय लिहिलं असतं, असा विचार मनात येतो आणि उत्तर फारसं सुखाचं नसतं. पाच वर्षं तेच यंत्र, तोच डोंगर, तेच मापन. ‘नावीन्य’ या निकषाला किती गुण द्यायचे? आमच्या तक्त्यात त्याला चांगले घसघशीत गुण आहेत. ‘सातत्य’ नावाचा रकाना नाहीच. म्हणून मुलं हुशारीनं दरवर्षी नवं शीर्षक शोधतात. ज्या तळ्यावर मागच्या तुकडीनं बेडूक मोजले, तिथंच या तुकडीनं पुन्हा बेडूक मोजावेत यासारखं मोलाचं काम नाही, आणि यासारखा पडेल अर्जही नाही. मग बेडकांच्या जागी सूक्ष्म प्लास्टिक येतं, पुढच्या वर्षी कृत्रिम बुद्धिमत्ता येते, आणि तळ्याबद्दल आपल्याकडे एकेका वर्षाचे सुटे कागद तेवढे जमतात.

देणाऱ्यांची बाजूही मला समजते, कारण मी त्या टेबलाला बसते. पैसा दुसऱ्याचा असतो, हिशेब लेखी लागतो, आणि वस्तूचा हिशेब सोपा असतो. बाटली दिसते, मोजता येते, तिच्यावर क्रमांक रंगवता येतो. पहाट दाखवता येत नाही. आधी खर्च करा, पावती जोडा, मग परतफेड मिळेल, हा नियम लिहिणाऱ्यानं चोरी रोखायला लिहिलेला असतो. त्यात दुष्टपणा नसतो. फक्त पहाटे चार वाजता दुचाकीवरून सोडणारा शेजारी पावती कुठली देणार, आणि आधी खर्च करायला ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला अनुदानाची निकड तरी किती, हे त्याच्या लक्षात आलेलं नसतं. ऋतूचंही तेच. अर्ज मागवायचे, छाननी करायची, मंजुरी, मग रक्कम जमा. तोवर बेडकांची वीण उरकलेली असते, फुलोरा झडलेला असतो आणि ओढा कोरडा किंवा दुथडी, जे त्या प्रदेशात होत असेल ते. मार्च संपत आला की सगळीकडे एकच धावपळ, आणि निसर्ग मात्र कुठल्याच आर्थिक वर्षाला बांधलेला नाही. बरं, एवढं सगळं निरखून-पारखून आम्ही जे निवडतो ते तरी खात्रीनं उत्तमच असतं का? वरचे दोन-चार आणि तळाचे दोन-चार अर्ज कुणालाही ओळखता येतात. मधल्या ढिगात आमच्या गुणांचा फरक बऱ्याचदा कुणाला भूक लागली होती यावर ठरतो, असा माझा दाट संशय आहे. मोठ्या संशोधकांच्या बाबतीत काही संस्थांनी हे मोकळेपणानं मान्य केलंय: न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेनं 2013 पासून काही अनुदानं, पात्र अर्जांमधून, सरळ चिठ्ठ्या टाकून द्यायला सुरुवात केली, जर्मनीतल्या फोक्सवागन फाउंडेशननं आणि नंतर ब्रिटिश अकादमीनंही तो मार्ग धरला. आमच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा सगळे हसले. मी विनोद केलेला नव्हता.

तर त्या मुलीला आम्ही पत्र पाठवलं, पहाटेचे नमुने का नाहीत म्हणून. तिचं उत्तर चार ओळींचं होतं आणि मला त्यानंतर बरेच दिवस सुचेनासं झालं. पहाटे मोजायला हवं हे तिला चांगलं ठाऊक होतं. पहिल्या मसुद्यात तिनं तसंच लिहिलेलं होतं. पण वरच्या वर्गातल्या कुणीतरी सांगितलं की प्रवास मागितला की अर्ज मागे पडतो, म्हणून तिनं तो काढला, आणि प्रवास काढल्यावर वेळही बदलावी लागली. म्हणजे आमच्यासमोर कागद आला तेव्हा आम्ही कात्री लावायची असं काही उरलंच नव्हतं. ती कात्री हॉस्टेलच्या खोलीत आधीच चालून गेली होती. आम्ही ज्याला काटकसर म्हटलं ती तिनं आमच्या मनातलं ओळखून केलेली तडजोड होती. सुधारित अर्जात तिनं दोन जागांऐवजी एकच जागा घेतली, बाटल्या कमी केल्या, गाडीचं भाडं लिहिलं. आणि त्याखाली आणखी एक ओळ: अंधारात ओढ्याकाठी सोबतीला एक व्यक्ती. या ओळीवर आम्ही जितका वेळ घालवला तितका त्या दिवशी कुठल्याच विज्ञानावर घातला नाही. सोबत हा खर्च कुठल्या शीर्षकाखाली बसतो? उपकरण नाही, रसायन नाही. ‘संकीर्ण’ला मर्यादा होती. ज्येष्ठ सदस्य, तेच, काटकसरवाले, थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “माझ्या मुलीला मी एकटीला पाठवलं असतं का?” शेवटी ‘क्षेत्र सहायक’ असं भारदस्त नाव देऊन ती ओळ बसवली. अर्ज मंजूर झाला. मुलांच्या अर्जांत मी ही ओळ यापूर्वी कधी बघितलेली नव्हती, मुलींच्याही नाही. त्या सगळ्या जणी आजवर कुणाला सोबत नेत होत्या, की दुपारी तीनलाच मोजत होत्या?

काही ठिकाणी विद्यार्थ्यांनी देणाऱ्यांची वाट बघणंच सोडून दिलंय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली परिसरात 2007 मध्ये विद्यार्थ्यांनी मतदान करून स्वतःवरच एक छोटं हरित शुल्क लावून घेतलं, आणि त्या निधीतून परिसरातल्या पर्यावरण प्रकल्पांना पैसे मिळू लागले. अमेरिकेतल्या इतरही विद्यापीठांत असे निधी आहेत. या निधीतून काय मागावं हेही तीच मुलं ठरवतात, त्यामुळे काम करणाऱ्या विद्यार्थ्याचं मानधन हा तिथं कुणाला चोरटा खर्च वाटत नाही. मला हा मार्ग पूर्णपणे पटतो असंही नाही. आधीच फीनं वाकलेल्या मुलांनी आणखी वर्गणी काढायची आणि विद्यापीठानं टाळ्या वाजवायच्या, यात कुणीतरी आपली जबाबदारी अलगद झटकतंय असं वाटत राहतं. पण पैसा कुठं जावा यावर विशीतल्या माणसांचं मत चालतं, हे दृश्य दुर्मीळ आहे.

हे वाचणारं कुणी सध्या अर्ज भरत असेल तर प्रवासाच्या रकान्यात खरा आकडा लिहा. तो का लागतो ते त्याच ओळीत, विज्ञानाच्या भाषेत लिहा: ‘विरघळलेला ऑक्सिजन सूर्योदयापूर्वी किमान असतो, त्या वेळी सार्वजनिक वाहन उपलब्ध नाही.’ छाननी करणाऱ्याला ‘आवश्यक’ हा शब्द हलवत नाही, कारण हलवतं. एकूण रक्कम मर्यादेबाहेर गेली तर जागा कमी करा, नमुने कमी करा, प्रश्न लहान करा. वेळ बदलू नका. सोबत लागत असेल तर सोबत मागा आणि तिला काय म्हणायचं ते समितीला ठरवू द्या. पैसे आधी मिळणार की नंतर हे विचारायला लाजू नका, आणि नंतर मिळणार असतील तर विभागाकडून उचल मिळते का ते मार्गदर्शकांना विचारायला लावा. शिफारसपत्र मागताना सरांना किंवा मॅडमना निदान दोन आठवडे द्या. अर्ज मुदतीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत पाठवून टाका. शेवटच्या रात्री संकेतस्थळ हमखास झोपतं आणि मदतीसाठी दिलेला फोन कुणी उचलत नाही. बाटल्यांची बुचं दोन-चार जास्तीची मागा, ती फुटतातच.